पांढरी कुपनं

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भटजी, साड्या, देवळाशेजारचं सभागृह आणि दुपारचं जेवण हे सगळं मी एका शनिवारी ठरवून टाकलं. पेडण्याच्या बाजारातून घरी आले, पाय धुतले आणि भात टाकला. त्याच लग्नाच्या रिसेप्शनला लोकांना प्यायला काय द्यायचं हे ठरवायला मात्र माझ्या दिराला चार रविवार लागले.

दीर म्हणजे माझ्या यजमानांचा धाकटा भाऊ. घर एकच, मध्ये भिंत. पलीकडच्या अर्ध्या भागात तो आणि त्याची बायको राहतात. डिचोलीला एका खाणीच्या ट्रकांचा हिशेब बघायला होता. खाण बंद पडली तसा तो घरी बसला, आणि बसला तो बसलाच. घरात कुठली भाजी आणायची हेही त्याची बायकोच ठरवते. पण दारूचा विषय निघाला की हा माणूस असा ताठ होतो, की जणू डॉक्टर पेशंटच्या उशाशी उभा राहिलाय.

यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. मी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. लग्नाचा सगळा खर्च माझा. दिराने त्यातलं हे एकच काम आपण होऊन अंगावर घेतलं. म्हणाला, "वयनी, बाईमाणसान वाइन शॉपात खंय वचप? तू ते म्हजेर सोड." दुसरं एकही काम त्याने मागितलं नाही. मंडपाचं नाही, पत्रिका वाटण्याचं नाही, म्हाताऱ्या मावशीला गाडीतून आणण्याचंही नाही.

माझ्या मनात रिसेप्शनला दारूच ठेवायची नव्हती. यजमान पीत नसत. तत्त्वबित्त्व काही नव्हतं, त्यांना पित्त व्हायचं. पण व्याह्यांचा डिचोलीहून फोन आला. "आमचं मागणं काही नाही, विहीणबाई. फक्त आमच्या माणसांचा मान राहिला म्हणजे झालं." थोरल्या मुलाच्या वेळी त्यांनी पणजीच्या हॉटेलात बार खुला ठेवला होता, हे त्या एका फोनमध्ये त्यांनी तीनदा सांगितलं. मी मुलीला विचारलं, तुला काय हवंय?

"म्हाका कायच नाका गे आई," ती म्हणाली. "पण तू नाही म्हणालीस तर ते मला जन्मभर ऐकवतील."

मग मी दिराच्या हातात सत्तर हजार ठेवले. सांगितलं, यात सगळं आलं. दारू, सोडा, सरबत, पिण्याचं पाणी, बर्फ. साडेतीनशे माणसं आहेत. याच्यावर एक रुपया मिळणार नाही.

त्याने तत्काळ दोन मित्र बोलावले. एक वीज खात्यातून निवृत्त झालेला. दुसऱ्याच्या मांद्र्याला तीन खोल्या आहेत, त्या तो पर्यटकांना भाड्याने देतो, म्हणून त्याला परदेशी दारूतलं कळतं असा गावात समज. रविवारी संध्याकाळी तिघेही आमच्या सोप्यावर वही घेऊन बसायचे. मी आत त्यांच्यासाठी केळ्याचे काप तळत असायची आणि त्यांचं बोलणं ऐकायची.

काय त्यांचं ज्ञान! गावातला प्रत्येक पुरुष किती पितो, कशानंतर काय पितो, तिसऱ्या पेल्यानंतर रडतो की भांडतो, हे त्यांना तोंडपाठ. कुणाची मुलगी कितवीत आहे, कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं, यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. त्या यादीतल्या निम्म्या पुरुषांना मी दुसरीत पाढे शिकवले होते. आता ते वहीत 'चार पेग', 'पाच पेग आणि एक बिअर' असे उतरत होते. आणि प्रत्येक रविवारी चव बघायला म्हणून एक बाटली फुटायची. ती माझ्याच पैशांतली. चव बघून झाली की तिघेही गंभीर चेहऱ्याने मान हलवत, आणि पुढच्या रविवारी दुसरी बघू म्हणत.

दुसऱ्या रविवारी मी हात पुसत बाहेर आले आणि म्हटलं, "भावजी, एप्रिल महिना आहे. ताजा हुर्राक मिळतोय. आपल्या काजूवाल्याकडून घ्या, लिंबू-सोडा घालून सगळ्यांना एकच द्या. स्वस्तही पडेल आणि माणसं आवडीने पितील."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी जणू पानात शिळं वाढलं होतं.

"हुर्राक?" दीर म्हणाला. "व्याह्यासमोर? वयनी, आपण काय काजूच्या बागेत बसलोय?"

एप्रिलच्या प्रत्येक संध्याकाळी हे तिघे काजूच्या बागेतच बसलेले असतात, काजूची ही दारू गाळतात त्या भट्टीपासून दहा पावलांवर, आणि तिथून येताना तोंडाला त्याचाच वास असतो. पण माणूस जे रोज आवडीने पितो तेच पाहुण्यापुढे ठेवायची त्याला लाज वाटते. ही कसली लाज, ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या रविवारी पैसे पुरत नाहीत असं त्यांच्या लक्षात आलं. परदेशी व्हिस्की सगळ्यांना देता येणार नव्हती. मग दिराच्या डोक्यातून ती कुपनं निघाली. सोनेरी, हिरवी आणि पांढरी. पेडण्याच्या छापखान्यातून तो ती छापूनही घेऊन आला, वर मुलीचं आणि जावयाचं नाव, खाली द्राक्षांचा घड. सोनेरी कुपन म्हणजे परदेशी व्हिस्की. ती काउंटरवर ठेवायचीच नाही, हॉलच्या मागे त्याच्या गाडीच्या डिकीत ठेवायची, म्हणजे भलत्यांना दिसणार नाही. हिरवं म्हणजे बिअर, रम आणि आपली व्हिस्की. पांढरं म्हणजे सरबत.

"पांढरं कुणाला?" मी विचारलं.

"बायका, पोरं आणि इतर."

"इतर म्हणजे कोण?"

"इतर म्हणजे इतर," दीर म्हणाला.

चौथ्या रविवारी अजूनही पाचेक हजार कमी पडत होते. तेव्हा त्यांनी पाण्याच्या बाटल्यांचे वीस खोके होते त्याचे आठ केले आणि सरबत निम्म्यावर आणलं. वीज खात्यातला म्हणाला, "बायका पिऊन पिऊन कितीसं पितात?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. रिसेप्शनचा हॉल वेगळा, मांद्र्याच्या वाटेवर, समुद्राच्या जवळ. तिथल्या नळाला खारट पाणी येतं, हेही मला माहीत होतं. तरी मी तेव्हा काही बोलले नाही. चार रविवार ऐकून मला त्या तिघांचा इतका वीट आला होता, की हे एकदाचं संपू दे असं झालं होतं.

आता जे सांगते ते सांगायला मला बरं वाटत नाही. ती कुपनं पाकिटांत भरली मी. दिराने यादीवर रंगांच्या खुणा करून दिल्या होत्या आणि माझं अक्षर चांगलं म्हणून पाकिटांवर नावंही मीच घातली. यादीत खालच्या बाजूला आमच्या गवंड्याचं नाव होतं. हा माणूस कोल्हापूरकडचा, गडहिंग्लजच्या पलीकडच्या गावातला. वीस वर्षं पेडण्यात आहे. आमची मागची खोली त्यानेच बांधली. काम संपल्यावरही तो यजमानांशी गप्पा मारायला यायचा, आंब्याची कलमं दोघांनी मिळून लावलेली. यजमानांच्या छातीत कळ आली तेव्हा त्याच्याच टेम्पोतून त्यांना म्हापशाला नेलं. दीर घरात होता, पण गाडीची बॅटरी उतरली होती, असं तो म्हणाला.

त्या नावापुढे पांढरी खूण होती. तोही 'इतर'. मी क्षणभर थांबले. मग मनाशी म्हटलं, तो तसाही पीत नाही, त्याला काय फरक पडतो? आणि पांढरं कुपन पाकिटात घातलं. शाळेत मी पोरांना एका ओळीत बसवून जेवायला वाढलं, कुणी वेगळं ताट मागितलं तर कान पिळला. आणि घरी बसून मी माणसांना रंग लावत होते.

लग्न दुपारी देवळात नीट लागलं. संध्याकाळी सातला रिसेप्शन सुरू झालं. हवा अजिबात हलत नव्हती. मी भरजरी साडी नेसून स्टेजवर उभी, शेजारी विहीणबाई, त्यांच्या पलीकडे व्याही. जावई आणि मुलगी मध्ये. लोक येत होते, पाकीट देत होते, फोटो काढत होते. आठ वाजायच्या सुमारास व्याही म्हणाले, "जरा येतो हां," आणि हॉलच्या मागच्या दाराने गेले. आधी त्यांच्या डिचोलीच्या माणसांतले दहा-बारा जण तिकडेच गेले होते.

थोड्या वेळाने माझी शाळेतली जुनी सहकारी स्टेजवर आली. तिने माझ्या कानाला लागून विचारलं, "बाई, पाणी खंय आसा गो? पोरं रडतायत."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ सुकलेले. त्या हळूच म्हणाल्या, "मी पण मघापासून विचारीन म्हणत होते."

मी खाली उतरले. सरबताच्या टेबलावर दोन पिंपं रिकामी पडली होती. पाण्याचे आठ खोके केव्हाच संपले होते. बायका पदराने वारा घेत खुर्च्यांवर बसल्या होत्या, एक म्हातारी नळाचं खारट पाणी तोंडात घेऊन थुंकत होती. समोरच्या टोकाला हिरव्या कुपनांचा काउंटर मात्र भरात. तिथे बर्फही होता.

मी मागच्या दाराने बाहेर गेले. माडांखाली दिराची गाडी, डिकी उघडी. आत व्हिस्कीच्या बाटल्या, थंड खोक्यात बर्फ आणि सोड्याचे तीन क्रेट. भोवती सोनेरी मंडळी हातात कोप, म्हणजे काचेचे पेले, धरून उभी, व्याही मधोमध. दीर डिकीला टेकून असा उभा होता, की ती डिकी म्हणजे गाभारा आणि हा पुजारी.

त्याच्यापुढे आमचा गवंडी उभा होता. त्याची बायको मागच्या पायरीवर डोकं धरून बसली होती.

"दादा, सोड्याची एक बाटली द्या," तो म्हणत होता. "मंडळीला घेरी आलीया."

"कुपन बघू."

त्याने खिशातून पांढरं कुपन काढून दाखवलं.

"हे तिकडचं. सरबताकडे जा."

"तिकडं संपलंय सगळं."

"मग मी काय करू? इथलं मोजून आणलंय," दीर म्हणाला आणि व्याह्यांच्या कोपात सोडा ओतला.

गवंडी वळला. मी त्याच्या मागेच उभी होते. तो चिडला नव्हता, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "बाई, पाण्याला बी चिठ्ठी लागती व्हय? मला वाटलं तुमास्नी ठावं असंल. पाकिटावर अक्षर तुमचंच हुतं."

मी पुढे झाले, डिकीतून सोड्याची बाटली घेतली, फोडली आणि त्याच्या बायकोच्या हातात दिली. ती घटाघट प्यायली. मग मी परत आले आणि एक अख्खा क्रेट उचलायला लागले.

"वयनी, कितें करता तू?" दीर म्हणाला. "व्याही आसात."

"आसूंदी," मी म्हटलं.

साठीच्या बाईला जरीच्या साडीत सोड्याचा क्रेट उचलता येत नाही. पण त्या पंधरा पुरुषांतल्या एकानेही हात लावला नाही. एकाने फक्त पाय मागे घेतला, क्रेट त्याच्या बुटावर येऊ नये म्हणून. दुसरं टोक उचललं ते गवंड्यानेच.

व्याही पुढे आले. "विहीणबाई, हे काही बरं दिसत नाही. चार माणसं बघतायत."

तेवढ्यात मागून विहीणबाईंचा आवाज आला. त्या माझ्या पाठोपाठ आल्या होत्या, हे मला कळलं नव्हतं.

"तुम्ही गप्प ऱ्हावा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "थोरल्याच्या लग्नातही हेच केलंत. बर्फसुद्धा तुमच्या माणसांनी संपवला, आणि मी माझ्या आईला वॉशबेसिनचं पाणी पाजलं. पणजीचा बार, पणजीचा बार, कान किटले माझे." आणि त्यांनी थंड खोका उचलला. पैठणीत, हातभर बांगड्यांनिशी.

त्या क्षणापर्यंत ती बाई मला थोडी शिष्टच वाटायची. नवऱ्याच्या त्या पणजीच्या बारच्या गोष्टी तिलाही अभिमानाने सांगाव्याशा वाटत असतील, असं मी गृहीत धरलं होतं. तिला त्यांचा माझ्याइतकाच संताप होता, आणि तो तिने माझ्याहून जास्त वर्षं गिळला होता.

आम्ही सगळं केटररच्या स्वयंपाकघरात नेलं. त्याच्याकडे लिंबं होती, साखर होती, मीठ होतं. माझी सहकारी आली, दिराची बायको आली, आणखी दोन-तीन बायका पदर खोचून आल्या. विहीणबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि लिंबं पिळायला बसल्या. गवंडी टेम्पो घेऊन पाण्याचे मोठे कॅन आणायला निघाला. मी म्हटलं, तुम्ही राहा, दुसऱ्या कुणाला पाठवते. तर म्हणाला, "दुसरं कोण जानार हाय इथनं?" बायकोला पंख्याखाली बसवून तो गेला आणि अर्ध्या तासात बारा कॅन घेऊन आला.

काउंटरवरच्या माणसाला मी जाऊन सांगितलं, आता कुणाकडे कुपन मागायचं नाही. डिकीतल्या बाटल्याही मी आणवून त्याच्यासमोर ठेवल्या. बघता बघता संपल्या. गावातल्या एकाने मला दुसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, ती परदेशी परदेशी म्हणतात ती त्यातली खंयची?" त्याने चार पेले घेतले होते, तरी त्याला फरक कळला नव्हता. मी म्हटलं, मला तरी कुठे कळतंय.

दीर न जेवता गाडी घेऊन निघून गेला. त्याची बायको राहिली. पोटभर जेवली, वर दोनदा खीर मागून घेतली.

मुलगी मात्र माझ्यावर रागावली. तेव्हा नाही, आठवड्याने, फोटो आले तेव्हा. ज्या फोटोंत डिचोलीची सगळी मंडळी आहेत, त्यांत ना मी आहे ना तिची सासू. "मोठ्या कुटुंबाचा एक फोटो धड नाही," ती म्हणाली. "तुला तेवढंच करायचं होतं तर कुणाला तरी सांगून करवून घ्यायचं." तिचं खरं होतं. वेळीच, त्या चौथ्या रविवारी, मी तोंड उघडलं असतं तर लिंबं पिळायची वेळच आली नसती.

दिराने पुढे सगळीकडे सांगितलं की वयनीने व्याह्यांसमोर घराण्याची अब्रू घालवली, बाईला व्यवस्थेतलं काय कळतं. वीज खात्यातला आणि मांद्र्याचा, दोघांनीही दुजोरा दिला. चतुर्थीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. गणपती आमच्या दोन्ही घरांचा एकच, त्यामुळे चतुर्थीला बोलावं लागलं. तेव्हाही त्याने फक्त "नारळ खंय?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, कोनाड्यात. ते चार महिने माझे फार शांततेत गेले.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी गवंड्याच्या घरी गेले. तो आणि त्याची बायको पेडण्याच्या रेल्वे स्टेशनाच्या बाजूला दोन खोल्यांत राहतात. पत्र्याचं छप्पर, पण आतली फरशी अशी घातलेली, की माझ्या घरची तिच्यापुढे काहीच नाही. तो घरी होता. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोलले. म्हटलं, कुपन मी घातलं, डोळे उघडे ठेवून घातलं, त्याला सबब नाही.

तो म्हणाला, "जाऊ द्या बाई. साहेब असते तर त्यांनी घातलं नसतं, येवढंच म्हनतो." आणि साइटवर जायचंय म्हणून उठला. खरंच जायचं होतं की नाही, देव जाणे.

त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नव्हती. मी विचारलं, आता घेरी वगैरे येते का?

"न्हाई," ती म्हणाली.

मी बसून राहिले. चहा तिने आणून दिला होता, तो प्यायले. भिंतीवर पोरीच्या शाळेचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, ते वाचलं. ती खडे वेचत होती, मधूनच सूप पाखडत होती. मग मी पिशवी उचलली आणि म्हटलं, येते मी.

ती म्हणाली, "ऊन हाय भाईर. पोरगी शिकवनीवरनं येईल इतक्यात, तवर बसा."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या सुपातले थोडे तांदूळ माझ्यापुढे ओढून घेतले.